‘ही’ची कार्डं

शब्दकोशाच्या कचेरीतल्या कपाटातले बाकीचे खण गच्च भरलेले होते. मधला एकच, पडलेल्या दाताच्या जागेसारखा, मोकळा.

फौजदार बाईंनी त्यात हात फिरवून पाहिला. धूळ तेवढी लागली. घरी धाकटीला दात येत होते. तिला खांद्यावर घेऊन बाई रात्रभर खोलीत फिरल्या होत्या. चोरीला एक शब्द गेलाय, असं फोनवर ऐकलं तेव्हा त्यांना हसण्याचंही त्राण नव्हतं.

शब्द होता इंग्रजीतला ‘ही’. म्हणजे आपला ‘तो’. त्याचा अर्थ, त्याचं मूळ, त्याचा वापर, असा सगळा ऐवज कार्डांच्या एका गठ्ठ्यात. नक्कल नाही. आणि शब्दकोशाचा हा खंड सोमवारी छापखान्यात जायचा होता.

मुख्य संपादकांचा, म्हणजे साहेबांचा, संशय पक्का होता. कपाटाची किल्ली ताईकडे. ताई तात्पुरत्या नेमणुकीवरची मदतनीस. कायम करत नाहीत म्हणून धुसफुसत होती. कार्डं मिळाली नाहीत तर सोमवारपासून तिनं यायचं नाही, असं साहेबांनी सांगूनही टाकलं होतं.

तक्रार इंग्रजीत होती. बाईंनी ती दोनदा वाचली.

“चोराला तुम्ही यात ‘ही’ म्हटलंय. संशय बाईवर, आणि लिहिलंय पुरुषासारखं?”

“जुनी पद्धत आहे मॅडम. माणूस कोण ते ठाऊक नसलं की ‘ही’ लिहायचं. त्यात बायकाही आल्या.”

“आल्या म्हणजे, त्यांना न विचारता?”

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

ताई खिडकीपाशी उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. ‘ही’मध्ये सगळे धरायची पद्धत आता मागे पडतेय, असं तिनं वापराच्या कार्डावर लिहिलं होतं. साहेबांना ते रुचलं नव्हतं, पण वाद तिथेच मिटला होता. घरात कमावती ती एकटीच. चोरीचा डाग घेऊन दुसरीकडे कोण उभं करणार, असं ती म्हणाली.

“जेवणाच्या सुट्टीत किल्ली कुठे असते?”

“टेबलावर. मी डबा धुवायला जाते.”

“तेव्हा खोलीत कोण?”

“साहेब येऊन-जाऊन. काका बसलेले असतात.”

काका म्हणजे मुळवाले काका. शब्दांची मुळं शोधण्यात हयात गेलेली, म्हणून ते नाव. बाईंना त्यांनी आपली खुर्ची दिली, पाणी ओतून दिलं. पोरगी हुशार आहे, जरा घाई करते एवढंच, असं म्हणाले. आपला हात दुखतो, बरेच दिवस लेखणी धरलेली नाही, सगळं ताईच उतरवून घेते, हेही सांगितलं. बाईंनी पेला घेतला. काकांच्या अंगठ्याला निळी शाई होती. त्यांच्या टेबलाचा खण नीट लागत नव्हता. गुडघ्यानं रेटला तरी बोटभर बाहेरच.

दारावर पहारेकरी जाताना प्रत्येकाची पिशवी आणि खिसे तपासत असे. मागे काही कार्डं गहाळ झाली तेव्हापासूनची ही शिस्त. म्हणजे गठ्ठा आतच होता. पण साहेब, ताई आणि काका अशा तिघांनी मिळून खणन् खण पाहिला होता, प्रत्येक कार्डाच्या माथ्यावरचा शब्द वाचला होता. ‘ही’ कुठेच नव्हता.

जबाब लिहायला बाईंनी कागद मागितला. साहेबांनी पाठकोरं कार्ड पुढे केलं. पुढच्या बाजूला जुना मजकूर, त्यावर तिरकी लाल रेघ. छापून झालं की रेघ मारायची आणि कोरी पाठ पुढच्या खंडाला वापरायची, अशी इथली रीत, असं ते जरा अभिमानानं म्हणाले.

बाईंनी कार्ड उलटंपालटं केलं. मग उठून काकांच्या टेबलाशी गेल्या.

“काका, खण काढता का?”

काका हलले नाहीत. बाईंनीच तो ओढला. वरच्या बाजूला पुढच्या खंडातले, ‘आर’ अक्षराचे शब्द, ओळीनं. त्या एकेक कार्ड उलटू लागल्या. लाल रेघ. लाल रेघ. लाल रेघ. मग बिनरेघेचं एक.

माथ्यावर ‘ही’. अक्षर ताईचं.

“तुम्ही सगळे माथे वाचत होतात,” बाई म्हणाल्या. “पाठकोऱ्या कार्डांची इतकी सवय, की मागे काय आहे ते बघावंसं कुणाला वाटलं नाही. गठ्ठा बाहेर नेता येत नव्हता. म्हणून काकांनी त्याच्या पाठीवर पुढचे शब्द लिहिले. हात दुखत असलेल्या माणसाच्या अंगठ्याला शाई कशी, आणि काम बंद असताना खण फुगतो कसा, एवढंच मला कळेना.”

“पण का?” साहेबांनी विचारलं.

बाईंनी मुळाचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. जुन्या इंग्रजीतही हा शब्द असाच होता; त्यामागे ‘हा इथला’ अशा अर्थाचं मूळ; मराठी ‘हा’शी साम्य केवळ योगायोगाचं.

“इंग्रजीतला ‘ही’ आणि आपला ‘हा’ सख्खे भाऊ,” काका हळू म्हणाले. “उभा जन्म भाषणांतून सांगत आलो. टाळ्या घेतल्या.”

“मी तुम्हाला आधी दाखवलं होतं,” ताई म्हणाली. “तुम्ही म्हणालात, बघू.”

“फाडणार होतो. फाडवेनात. चांगली लिहिलीस गं.”

“आणि माझी नोकरी जात होती ती?”

काकांनी मान खाली घातली. वाटलं, साहेब दोन दिवसांत निवळतील, असं काहीसं पुटपुटले.

साहेब तक्रार मागे घ्यायला तयार झाले. ताईला म्हणाले, झालं गेलं विसर, सोमवारी ये.

“येईन. कायम म्हणून. आजच लेखी द्या.”

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई खुर्चीत बसून राहिल्या. तक्रार मांडीवर, डोळे मिटू घातलेले, उठायची घाई दिसत नव्हती. साहेब लिहायला बसले.

दोन्ही बाजूंचा मजकूर लागणारा, रेघ कुठेच मारता येत नव्हती; अशी कार्डं छापखान्याला चालणार नव्हती. सगळी नव्यानं उतरवायला हवी होती. ताईनं कोरी कार्डं पुढे ओढली. काका तिच्या टेबलाशी आले.

“मी वाचून दाखवू?”

तिनं वर पाहिलं नाही. पायानं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

“वाचा. मुळापासून. लिहिलंय तसंच.”

काकांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.