सहा नंबरचा लाल शब्द

लुपेला पुरून तीन दिवस झाले होते आणि दुपारी बाराला सेलाचा नर्सचा परवाना रद्द होणार होता. मेट्रन कालोलाइनेच्या हातात दोन तास होते.

टोंगाच्या धाकट्या बेटावरच्या त्या इस्पितळात कॉम्प्युटरची नोंद सरळ होती. पोटदुखीने आलेली लुपे, वय बावीस, खाट सहा. दहा चाळीसला रक्ताचा अहवाल आला: गरोदर. वॉर्डातल्या मोठ्या पडद्यावर तिच्या नावापुढे तो शब्द लाल लुकलुकू लागला. दहा त्रेचाळीसला कुणीतरी 'पाहिलं' दाबून तो विझवला. नोंदीत नाव सेलाचं. सर्जनने पडदा बघितला, लाल काही दिसलं नाही. अपेंडिक्स समजून त्याने तिला दुपारच्या ऑपरेशनच्या रांगेत लावलं. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला होता; नळी फुटली. तीनला पोरगी हातची गेली.

तो पडदा कालोलाइनेनेच हट्टाने आणवला होता, सगळ्यांना सगळं एकदम कळावं म्हणून. आता तिला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

"तू दाबलंस?"

"नाही." सेलाचे डोळे सुजले होते. "मी औषधं आणायला गेले होते."

"कॉम्प्युटर बंद करून?"

"माझ्या नावाने उघडाच ठेवून. परत सुरू करायला दहा मिनिटं लागतात, मेट्रन. सगळेच ठेवतात."

औषधखान्याच्या वहीत सेलाची सही होती, दहा एकेचाळीसची. औषधखाना मैदानापलीकडे. दोन मिनिटांत तिथून यायला पंख हवेत.

म्हणजे बोट दुसऱ्याचं. कालोलाइनेने सकाळच्या फेरीच्या नोंदी उघडल्या. डॉक्टर सेमिसीने खाटा ओळीने तपासल्या होत्या. पाचनंतर थेट सात.

सेमिसीच्या आईचं बाळंतपण तिनेच केलं होतं, त्यामुळे अहो-जाहोचा प्रश्न नव्हता.

"सहा का सोडलीस?"

"ती माझ्या मावशीची मुलगी. म्हणजे बहीणच. मी कसा तपासणार?"

हे खरंच होतं. टोंगात वयात आलेली बहीण जिथे, तिथे भाऊ टेकत नाही. तिच्या अंगाविषयी तर तोंडातून शब्द काढत नाही.

"मग सहा नंबर तू बघ, असं कुणाला सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना ठाऊक आहे."

"नंतर कुठे होतास?"

"साडेदहापासून मुलांच्या वॉर्डात." त्याने कपाळ पुसलं. "तो पडदा काढून टाका, मेट्रन. बिचारे तिचे भाऊ, चौघं त्याच्याकडे पाठ करून उभे होते."

कालोलाइनेने रखवालदाराची वही पुढे सरकवली.

"चौघं तिचा डबा ठेवायला दहा अडतीसला आत आले. पावणेअकराला मी त्यांना बाहेर काढलं. मुलांच्या वॉर्डातली तुझी पहिली नोंद दहा सत्तेचाळीसची. मग पाठ करून उभे होते, हे तू कुठून पाहिलंस?"

सेमिसीने वही मिटून परत सरकवली.

"मीच सांगते. फेरी संपवून तू दाराशी आलास. पडद्यावर बहिणीचं नाव, पुढे तो शब्द. पोरीचं लग्न झालेलं नाही. एका भावाने मान वळवली असती की संपलं. सेलाचा कॉम्प्युटर उघडा होता. तू तिची अब्रू झाकलीस."

"सर्जनला कळवणार होतो." तो वहीकडे बघत म्हणाला. "दोनदा फोन उचलला. तोंडातून शब्दच फुटेना. वाटलं, तो फाइल उघडेलच."

"त्याला वाटलं, लाल नाही म्हणजे काही नाही. एका शब्दाचं काम होतं, सेमिसी. आता तरी म्हण. इथे मी एकटी आहे, आणि ती मातीत आहे."

त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

शेवटी त्याने कागद मागितला. लुपेचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, सेलाचा कॉम्प्युटर लिहिला, खाली सही केली. सेला वाचली होती.

कालोलाइनेने कागद वाचला. लुपेच्या नावापुढे जागा कोरी होती. सेमिसी खिडकीकडे तोंड करून रडत होता. बाराला पाच मिनिटं होती. तिने त्याच्याच पेनाने तो शब्द तिथे लिहिला.