वेनान्सियोच्या थडग्यावरचं चाक

नको म्हटलं तरी ऐकायचं नाही तुम्ही. लाईट गेली की निघालेच म्हाताऱ्याकडे, "नोर्बेर्तोकाका, ती चाकाची गोष्ट सांगा." अरे, मी सायकली दुरुस्त करतो, तोंड नाही वाजवत. बसा आता. आणि तो घंटीशी खेळतोय कोण? हात काढ. अंधारात नदीकाठी घंटी वाजवायची नसते, एवढं तरी आईनं शिकवलंय की नाही?

हे घडलं देर्सियोच्या बाबतीत. तोच, तुमच्यासारखाच सायकलवाला, हिरव्या सायकलीवर मागे बसवून गिऱ्हाईकं नेतो तो. सायकल मुळात त्याची नाही. त्याच्या दाजीची, वेनान्सियोची. वेनान्सियो गेल्या वर्षी जानेवारीत तापानं गेला. आपली रीत ठरलेली. मेलेल्याचं रोजचं सामान थडग्यावर मोडूनच ठेवायचं. पेल्याला भोक, ताटाला चीर, सायकलीचे आरे तोडलेले. इकडे मोडलं की तिकडे धड होतं. इकडे धड राहिलं तर त्याच्या हाती काही लागत नाही, आणि मग तो मागत फिरतो.

आरे तोडायला मला बोलावलं. बघतो तर पुढ्यात एक गंजकं चाक. भंगारातलं. मी म्हटलं, "हे वेनान्सियोचं नाही. त्याची सायकल आणा." झालं! त्याची बायको फेलिस्मिना उसळली. त्या बाईचं तोंड म्हणजे मिरचीचं कांडप. उघड्या खड्ड्याच्या काठावर, सगळ्या वस्तीसमोर ओरडली, "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला आलाय म्हातारा! चोर मेला! सायकलीवर डोळा आहे याचा!"

मी आरे तोडले. एकूण एक. तुकडे गवतात फेकले, पक्कड खिशात टाकली आणि तडक घरी आलो. मूठभर मातीसुद्धा टाकली नाही.

तिची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकतर्फी बोलतो. पदरात तीन पोरं. सायकल मोडली असती तर चुलीवर काय ठेवलं असतं, नदीचा चिखल? तिनं निळी सायकल हिरवी रंगवून घेतली, भावाला दिली. तो दिवसभर पाय झिजवायचा आणि संध्याकाळी तिच्या घरात तांदूळ टाकायचा. सगळं खरं. पण त्यासाठी मला चोर कशाला म्हणायचं?

असो. मार्चातला दुसरा शुक्रवार. अमावास्या. नदीला मोठी भरती. नऊच्या सुमाराला देर्सियोनं एका मासळीवालीला इसिदुआ वस्तीत तिच्या दारात सोडलं. ती उतरली, रिकामी टोपली डोक्यावर घेतली.

"जपून जा रे. काठाच्या वाटेवर पाणी आलंय."

"भिजलो तर उद्या मलाच टोपलीत घालून वीक, मावशी!"

"तुझ्यासारखी वाळकी मासळी कोण घेणार!"

हसत निघाला. एका अंगाला खारफुटी, दुसऱ्या अंगाला झोपलेलं शहर. वारा नव्हता. गडी शीळ घालत होता. जुन्या कॅथेड्रलपाशी आला आणि सायकल जड झाली. हवा गेली असेल म्हणून उतरला, टायर दाबले. टणक. पुन्हा बसला. पुन्हा जड. मागे कॅरिअर करकरलं... माणूस बूड सरकवून नीट बसतं ना, तसं.

शीळ थांबली.

त्यानं मागे बघितलं नाही. पायडल मारत राहिला. कबरस्तानाकडे जाणाऱ्या वळणाला पाठीवर थाप पडली. दोनदा. हलकी. आपली गिऱ्हाईकं उतरायचं असलं की मारतात तशी.

मग तो कसा घरी पोचला ते त्यालाच ठाऊक. बहिणीच्या अंगणात सायकलीसकट आडवा पडला. फेलिस्मिना मुगाच्या भातात नारळाचं दूध घालत होती.

"काय रे? पोलीस लागले मागे?"

"ताई... दाजी."

"काय दाजी?"

"मागे बसलेत."

तिनं कॅरिअरवरची उशी पाहिली. कमरेला गुंडाळायच्या जुन्या कापुलान्याच्या चिंध्यांची, तिनंच शिवलेली. मधोमध खड्डा पडला होता. हातानं ठोकली. खड्डा भरेना. दुसरी एखादी बाई किंचाळली असती, पाद्र्याकडे पळाली असती. हिनं चमचा पुसला, कापुलाना कमरेला घट्ट बांधला.

"चल."

"कुठं?"

"तो बसला तिथं."

"ताई, नको गं..."

"तू गप. नवरा माझा होता की तुझा?"

ती मागे बसली. कॅथेड्रलपाशी आली दोघं. पाणी वाटेवर घोट्याएवढं. तिथं सायकल पुन्हा जड झाली. फेलिस्मिनाच्या पाठीला पाठ टेकली. गार.

"आलास?" ती म्हणाली.

...

"दवाखान्यात चल म्हटलं तर उद्या म्हणालास. उद्या, उद्या करत मेलास. तीन पोरं माझ्या गळ्यात टाकून मेलास. आणि आता सायकल पाहिजे?"

...

"बोल की! जिवंतपणी काय तोंड कमी चालायचं? माझ्या भावाला भिववतोस? त्याच्या पायांवर तुझी पोरं जेवतात!"

पाणी चुळकन वाजलं.

"चाक दिलंय ना तुला? मोडकं आहे? मग जोड! माझ्या दाराची कडी जोडतो जोडतो म्हणत सात वर्षं काढलीस. एक तरी वस्तू जोडून दाखव. सायकल मिळायची नाही. ऐकलंस? नाही मिळायची!"

देर्सियोच्या पाठीवर थाप पडली. दोनदा.

"ताई... तू मारलीस?"

"माझे दोन्ही हात कॅरिअरला आहेत."

सायकल थांबली. त्यानं थांबवली नव्हती. कुणीतरी उतरलं. पाण्यात एक पाऊल. मग दुसरं. मग...

काही नाही.

सायकल पिसासारखी हलकी झाली. मागे फेलिस्मिना हुंदके देत होती. दुःखानं नाही, संतापानं.

"बघतोस काय? चालव!"

सकाळी देर्सियो थडगं बघून मला बोलवायला आला. तोंडाला रक्त नव्हतं त्याच्या. मी गेलो. थडग्यावर तेच गंजकं चाक. माझ्या हातानं तोडलेलं. त्यात सगळे आरे भरलेले, तारेसारखे ताणलेले. एकाला नख लावलं, तर वाजला. चाक फिरवलं. जराही आऊट नाही. असं चाक मला कधी जमलं नाही आणि जमणारही नाही. रिमला नदीचा ओला चिखल. नदी तिथून किती लांब, ते तुम्हाला माहीत आहे. आणि मी तोडलेले तुकडे गवतात जसेच्या तसे पडलेले.

तेवढ्यात ती आली. चाक पाहिलं. मला पाहिलं. आणि भर बाजारात जाऊन सांगितलं, "त्या म्हाताऱ्यानंच रातोरात जोडलं. चेटक्या आहे तो. सायकल लाटायला माझ्या मेलेल्या नवऱ्याला उठवलं यानं."

देर्सियो माझा हात धरून चुकलो म्हणून गेला. वेनान्सियो त्या रात्रीनंतर कुणाच्या मागे बसला नाही. म्हणजे मेलेल्यानंही आपलं मिटवलं. एक जण राहिलंय. रोज माझ्या दुकानाच्या या झाडासमोरून भावाच्या कॅरिअरवर बसून जाते, मान वळवून. पंक्चर काढायला तिठ्यावरच्या त्या गाढवाकडे जाते. मेलेला तिचं ऐकून उतरला, आता तिनं एका जित्याचं ऐकावं. चोर म्हणालीस, चेटक्या म्हणालीस, ते दोन शब्द परत घे, बस. तुमच्यातल्या कुणाच्या सायकलीवर मागे बसली तर सांगा तिला. नाव विसरू नका.

फेलिस्मिना.