जोमसोम ते पोखरा, वीस मिनिटं

जोमसोमला वारा सुटायच्या आत विमानं उडतात, म्हणून केशरी गौचन सकाळीच विमानतळावर हजर होती. पोखऱ्यात तिच्या लेकीला, सरिनाला, सातवा महिना लागला होता. तिच्यासाठी झाडावरून नुकतीच उतरवलेली सफरचंदं करंडीत होती. बसने गेलं तर खड्ड्यांत दिवस जातो आणि कंबरही. विमानाने काय, वीस मिनिटं.

शेजारच्या सीटवर एक तरुण आई होती, मांडीवर बोळक्या तोंडाचं बाळ. पुढच्या सीटवर एक म्हातारा. खिडकीशी निलगिरी शिखर आलं, मग ढग आले. केशरीचा डोळा लागला. चाकं टेकली तेव्हा घड्याळात वीसच मिनिटं सरली होती.

सामान घेताना करंडीला कुबट वास आला. सफरचंदं सुकून चामड्यासारखी झाली होती.

"ही करंडी माझी नाही," ती काउंटरवरच्या माणसाला म्हणाली.

"चिठ्ठीवर नाव तुमचंच आहे, दिदी."

"नाव असेल. फळं सकाळची आहेत. डोंगरातली माणसं म्हणून काहीही गळ्यात मारता का?"

"विमान वेळेवर आलंय." त्याने मान वर केली नाही. "वेळ आम्ही जमिनीवरूनच मोजतो, दिदी. वरचं आम्हाला काही विचारू नका."

"मग कोणाला विचारू?"

त्याने पुढची चिठ्ठी उचलली. केशरीच्या कपाळाची शीर उडायला लागली. साहेबाला बोलवा म्हणून तिने हात आपटला, आणि समोरच्या काचेत तिला स्वतःचं डोकं दिसलं. कालच काळे केलेले केस मुळापासून चार बोटं पांढरे होते.

"माझे दिवस कोणी घेतले?" तिचा आवाज चढला. "तिकिटाचे पैसे घेतलेत ना? मग याचा जाब द्या."

कोणीतरी तिचा पदर ओढला.

ते बाळ होतं. आईचं बोट धरून उभं होतं. तोंडात चार दात.

"बज्यै," ते म्हणालं, आणि आजीने उचलून घ्यावं म्हणून त्याने हात वर केले.

केशरीने त्याला उचललं. ते सवयीने तिच्या कमरेवर बसलं.

"चला, सरिना वाट बघत असेल," त्याची आई म्हणाली.

"तिचं नाव तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. किती वेळा."

बाहेर सरिना पोट सावरत पुढे आली. "आमा, केस किती दिवसांत रंगवले नाहीस गं? आणि रडतेस कशाला?"

केशरीने गालाला हात लावला. गाल ओला होता.

विमानातले बाकीचे लोक भिंतीशी उभे होते. न्यायला आलेली माणसं हाका मारत होती, तरी कोणी हलत नव्हतं. ओळीत दोघांच्या मध्ये त्यांनी एका माणसापुरती जागा सोडली होती. ती आपल्यासाठी नाही, हे तिला ठाऊक होतं.

पुढच्या सीटवरचा म्हातारा उतरलाच नव्हता. वर ढगांत त्याच्या तोंडात शेवटचं पाणी तिनेच घातलं होतं.