पटाजवळचा घास

१९६४ सालच्या मार्गशीर्षातली ती सकाळ मला तपशिलाने आठवते. गणिताचा मास्तर म्हणून सोनाळ्यात येऊन मला चार महिने झाले होते. साडेसातला आंघोळ आटोपून मी ओसरीतल्या उन्हात बुद्धिबळाचा पट मांडला आणि नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी एकटाच खेळू लागलो. गावात खेळणारे दुसरे कोणी नव्हते. आत रुख्मिणी भाकरी थापत होती. तिला पाचवा महिना लागला होता. नऊच्या सुमारास पोस्टमन मेहबूबभाईंनी एक कार्ड आणून दिले.

कार्ड बीबी गावच्या दयाराम नावाच्या गृहस्थांचे होते. एका साप्ताहिकात पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळाविषयी वाचून मी त्यांना लिहिले होते. उत्तर अगत्याचे होते. चौसष्ट घरांना आकडे द्यावेत, एका कार्डात एकच चाल लिहावी, प्रत्येक डावाची वही ठेवावी, अडल्यास संकोच न करता विचारावे. मंडळात चौघे होते आणि चौघेही माझ्याशी डाव मांडायला उत्सुक होते. अखेरीस एक रीत लिहिली होती : "लांबून खेळलो तरी आपण एकमेकांचे पाहुणे. जेवणाआधी एक घास आमच्यासाठी पटाजवळ ठेवावा. आम्ही तुमचा ठेवतो."

कार्डाच्या कोपऱ्यावर तेलकट अंगठा उमटला होता. ते तेल बोटांना लागले, तसा मी साबणाने हात धुतला.

मी विज्ञानाचा पदवीधर. ती रीत मला भाबडी वाटली, पण लोभसही. त्या दुपारी भाकरीचा एक तुकडा वांग्याच्या भाजीत बुडवून मी पटाजवळ एका पानावर ठेवला.

महिन्याभरात रोज दोन-तीन कार्डे येऊ लागली.

"गुर्जी," मेहबूबभाई एकदा म्हणाले, "तुमच्या सासुरवाड्या तरी किती हायेत? येवढी कार्डं तर पाटलालेबी येत नाही."

"मित्र आहेत."

"असतीन. पण मित्रायले हात धुवाले सांगा जरा. थैलीतली बाकी टपाल खराब होऊन राह्यली ना."

मी हसलो. खरे तर मी सुखात होतो. मंडळातल्याच उंद्री गावच्या हैदरसाहेबांनी माझ्या घोड्याची चुकीची चाल न चिडवता परत पाठवली होती. दयारामजी रुख्मिणीच्या प्रकृतीची चौकशी करीत. इतक्या आपुलकीने मला या जिल्ह्यात कोणी वागवले नव्हते.

पटाजवळचा घास मात्र मला पाहवेनासा झाला. तो वाळत नसे. त्याला मुंग्या लागत नसत. संध्याकाळी उचलायला जावे तर तो बुळबुळीत आणि किंचित कोमट लागे. कोणी तोंडात घोळवून परत ठेवावा तसा. मी मांजरावर आळ घेतला.

मग एका सकाळी दात घासण्यापूर्वीच माझ्या तोंडात अंबाडीच्या भाजीची चव आली. आमच्या घरी आठवडाभर अंबाडी शिजली नव्हती. तिसऱ्या दिवशी दयारामजींचे कार्ड आले : "काल अंबाडी केली होती. तुमचा घास पावला ना?"

योगायोग, असे मी स्वतःला बजावले. पण पुढे रोजच कार्डे यायच्या आधी चवी येऊ लागल्या. खवट तेल. आंबलेले वरण. माती. एकदा टाळूला लांब केस चिकटल्यासारखे झाले. बोटे घालून पाहिले, तर काही नव्हते. मी अंगणात जाऊन थुंके, मिठाच्या पाण्याने चुळा भरी.

त्याच सुमारास रुख्मिणीचे अन्न तुटले. भाकरीचा वास आला तरी तिला उमासे येत. सातव्या महिन्यात तिची मनगटे काडीसारखी झाली. खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "पंधरा दिवसांत हिच्या पोटात अन्न टिकलं नाही, तर मूल हाती लागणार नाही."

मी पट गुंडाळून ठेवला. चौघांना डाव सोडल्याचे कळवले. घास ठेवणे बंद केले. फरक पडला नाही.

एका सकाळी ती मोरीजवळ भिंत धरून बसली होती.

"काऊन हो," ती म्हणाली, "माह्या तोंडात कोणाचं उष्टं येते?"

मी तिला यातले काहीच सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मोटारी बदलत मी बीबीला गेलो. दयारामचे घर बाजाराच्या मागे होते. भर दुपारी दार उघडे होते. साठीचा, गुबगुबीत माणूस पटापुढे बसला होता. हनुवटीवरून तेलाचा ओघळ गळ्यात उतरत होता. पटाजवळ पानावर ओलसर घास होता; शेजारी आणखी एक, लहान. त्यावर माशी नव्हती. दयारामचे तोंड सारखे हलत होते आणि तोंडात काही नव्हते.

"या गुरुजी. लई वाट पाहिली."

त्याची बायको कौशल्याबाई पाणी घेऊन आली. "रुख्मिणीच्या हाताला चव हाय बरं," ती हसून म्हणाली. "जवसाची चटणी काहून बंद केली? ठेवत जा की थोडी."

मी तांब्याला हात लावला नाही. "हे थांबवा. मी डाव सोडला आहे."

"डाव सोडला म्हणून पाहुणा पानावरून उठतो का?" दयाराम समजुतीने म्हणाला. "तुमचंच चुकलं गुरुजी. आम्ही मायेनं वाढलं, तुम्ही थुंकलं. नवऱ्यानं पानात टाकलेलं कोण खातं? बायकोच ना? आपल्यात रीतच हाय."

लग्नापासून मी रुख्मिणीला माझ्या उष्ट्या ताटात जेवू दिले नव्हते. दोघांनी बरोबरीने बसायचे, हा माझा आग्रह होता. ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

"आणि तो लहान घास?"

"येणाऱ्या पाहुण्याचा," कौशल्याबाई म्हणाली. "त्यालाबी सवय पाहिजे."

 तोंडावर हात दाबून मी बाहेर पळालो.

परतीच्या वाटेवर मेहकरच्या स्थानकात बाकावर बसून मी कार्ड लिहिले. माझ्या बायकोच्या आणि मुलाच्या वाट्याचे जे असेल ते माझ्या नावाने वाढावे. मी पानात काही टाकणार नाही. चौघांना चार कार्डे. मजकूर एकच. 

ती पेटीत टाकली.

पाचव्या दिवशी सकाळी रुख्मिणीने अर्धी भाकरी खाल्ली. ती टिकली. आठव्या दिवशी दोन खाल्ल्या आणि वर लोणचे मागितले.

"तुमी काऊन जेवत नाही?" तिने विचारले.

"भूक नाही."

शाळेत पहिला तास नववीचा होता. फळ्यावर त्रैराशिक मांडत असताना माझे तोंड भरले. घास कोमट होता. जिभेने चाचपडताना त्यात काहीतरी मऊ, अर्धगोल लागले. तान्ह्या मुलाच्या नखाएवढे.

मुलांकडे पाठ करून मी ते चावले आणि गिळले.

मग खडू उचलून पुढचे उदाहरण घातले.