सोळावं पान

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी त्या दुपारबद्दल मी बोलत नाही. पुस्तक जरा दिव्याजवळ घ्या. शेवटचं पान पुन्हा उघडायची मात्र घाई करू नका.

काम साधं होतं. छापखान्यात जायचं, शेवटच्या पानाचं प्रूफ वाचायचं, सही करायची आणि परत यायचं. चारच्या सुमारास पोहोचलो. सुट्टीचा दिवस होता, पण मास्तर माझ्यासाठी आले होते. मास्तर म्हणजे तिथले सगळ्यांत जुने जुळारी. चाळीस वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकेक करून जुळवण्यात गेलेली. माझ्या मुलीला हे काम त्यांनीच शिकवलं. ती जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

पुस्तक आम्हा दोघांचं. शब्द माझे, पानं तिची. शेवटच्या सोळा पानांत एक घर आहे, ते तुम्ही वाचलंच. मजकुरात फक्त वस्तू आहेत: दार, चपलांची फळी, आरसा, टेबल, खुर्ची. माणूस कुठेच नाही. माणूस आहे तो ओळींच्या मध्ये सोडलेल्या कोऱ्या जागेत. अंगठ्याएवढी उभी, पांढरी आकृती. पहिल्या पानावर ती उंबऱ्याबाहेर असते, मग पानागणिक आत येत जाते. वाचक टेबल-खुर्चीबद्दल वाचत असतो आणि तेवढ्यात कुणीतरी घरी परतत असतं. ही कल्पना तिची. मला सुचली असती तर मी गावभर सांगत फिरलो असतो. ती नुसती हसली आणि मोजपट्टी घेऊन कामाला बसली.

खिळ्यांच्या छपाईत कोरी जागा रिकामी नसते. तिथे अक्षरांहून बुटके शिशाचे तुकडे ठासून भरावे लागतात, नाहीतर अख्खं पान ढासळतं. एकेका आकृतीसाठी ती तीन-तीन दिवस तुकडे कापत बसायची. मास्तर चिडवायचे, "अगं, कागद वायाच घालवतेयस तर निदान एखादी जाहिरात टाक." ती मान वर न करता म्हणायची, "मास्तर, तिथे माणूस उभा आहे. त्याला सरकायला सांगा, मग टाकते."

पंधरा पानं झाली. सोळाव्याच्या वेळी ती मोजपट्टी घेऊन घरीच आली आणि मी लिहीत बसलो होतो तिथे पाठीमागे उभी राहिली. डोक्यापासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत माप घेतलं. म्हणाली, "बाबा, तू डावीकडे कलतोस." कशाला मोजतेस, विचारलं तर सांगेना. मग इस्पितळ सुरू झालं. शेवटच्या आठवड्यात तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"सोळावं पान दुसऱ्या कुणाला लावू देऊ नकोस. ते मी करीन."

मी हो म्हणालो, आणि शब्द मोडला. प्रकाशकांना तारीख गाठायची होती. शेवटचं पान तरी सरळ असू द्या, नाहीतर लोक म्हणतील छपाई चुकली, असं त्यांचं म्हणणं. तिचा आराखडा कुठे सापडेना. मी थकलो होतो. मास्तरांना सांगितलं, लावा सरळ.

त्या दुपारी मास्तरांनी दार उघडलं ते माझ्याकडे न बघता. आत यंत्रांवर कापडं टाकलेली. शाईचा आणि रॉकेलचा तो ओळखीचा वास. त्यांनी प्रूफ पुढे केलं. ओळी सरळ होत्या, आणि दाराच्या वर्णनापाशी, ओळींच्या मधोमध, अंगठ्याएवढी पांढरी आकृती उभी होती.

मला वाटलं, मास्तरांनीच मायेपोटी ती जागा सोडली असेल. मी आभार मानायला लागलो. ते मानेनेच नाही म्हणाले.

"मी नाही सोडली. उलट लावताना तिथे शब्दांमधली जागा खाली खाली जुळत जाऊन एक पांढरी भेग पडली होती. अशी भेग दिसली की आमचा हात आपोआप ती बुजवतो. विचारसुद्धा करत नाही. तशी बुजवली... हे प्रूफ त्यानंतरचं आहे."

त्यांनी मला दगडी टेबलाशी नेलं. पान लोखंडी चौकटीत आवळून ठेवलं होतं. जिथे आकृती उमटली होती तिथे मी बोट फिरवलं. अक्षरं होती. गच्च, एकाला एक लागून, थंड.

मास्तरांनी शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, दाब दिला. कागद उचलला तेव्हा दाराशी कुणी नव्हतं. आकृती आरसा ओलांडून आत आली होती.

"पुन्हा काढा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

तिसऱ्या प्रुफावर ती खुर्चीच्या मागे उभी होती.

तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. तिथे तिची जागा होती. अक्षरं जुळवायच्या लोखंडी पट्टीत खिळा पडतो तसा... टिक. थोड्या वेळाने पुन्हा... टिक. घाई नाही. आम्ही दोघांनीही तिकडे मान वळवली नाही.

"तिचाच वेग," मास्तर पुटपुटले. "माझ्याहून हळू... पण तिने लावलेलं कधी उपसावं लागलं नाही."

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू. पण त्या भीतीच्या तळाशी आणखीही काही होतं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. माझा ऊर भरून आला. चाळीस वर्षांचा सराईत हात, प्रकाशकांची तारीख आणि बापाचा मोडलेला शब्द, तिघांना मिळून माझ्या मुलीची जागा बुजवता आली नव्हती.

तिथूनच प्रकाशकांना फोन केला. पान जसं उमटतंय तसंच छापायचं, नाहीतर मी पुस्तक परत घेतो. त्यांनी थोडी हुज्जत घातली आणि मग मानलं, बहुधा माझी कीव येऊन. मी तिसऱ्या प्रुफावर सही केली. टिकटिक थांबली. निघताना तिच्या जागेकडे एकदा पाहिलं. पट्टी रिकामी होती, पण चार महिन्यांची धूळ तिच्यावर नव्हती.

पुस्तक नावाजलं गेलं. मुखपृष्ठावर तिचं नाव माझ्या नावाच्या वर आहे, ते मीच सांगितलं होतं. पानं बघायला लांबून लोक येतात, तुमच्यासारखे. मी प्रत्येकाला सांगतो, ही माझ्या मुलीची.

तर तुमचा प्रश्न असा होता, की शेवटच्या पानावर खुर्चीपाशी शाई का उडालीय. सही केलेलं प्रूफ माझ्याकडे आहे, त्यात तिथली अक्षरं ठळक आहेत. छापून आलेल्या माझ्या प्रतीतही आधी ठळक होती. मग डोक्याच्या उंचीची एक ओळ पुसट झाली, मग खालची. मला वाटलं, माझीच प्रत खराब निघाली. पण तुम्ही तर ही परवाच दुकानातून घेतलीत.

आता उघडा ते पान. माझ्या प्रतीशेजारी ठेवा.

दिसतेय ना पाठ? बसलेल्या माणसाची, जराशी डावीकडे कललेली. माप तिने कधी चुकवलं नाही.

सकाळी कोरी जागा खांद्यापर्यंत होती. आता कोपराशी आलीय.