बोलता येईल एवढंच पळ

पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिनं पोराला पाजलं, पाळण्यात उजव्या कुशीवर निजवलं आणि दाराशी बसून बूट चढवले. सगळं सुरू झालं ते तेव्हापासून.

बूट उसने होते, खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीचे. बोटभर मोठे, म्हणून टोकाला कापूस कोंबलेला. शर्यतही काही मोठी नव्हती. नवख्या बायकांसाठी पाच किलोमीटर, बस्स. पण पोर झाल्यापासून त्याला घरी ठेवून ती उंबऱ्याबाहेर पडत होती ती आज पहिल्यांदा.

नवरा पांघरुणातूनच म्हणाला, "दोन जिने चढलीस की भात्यासारखी फुसफुसतेस. खांदेकरी सांगून ठेवू का?"

सासू जागीच होती. तिची नजर घारीची. पिठातला केस तिला अंधारात दिसायचा.

"वेळेत ये," ती म्हणाली. "वरचं दूध तोंडात धरत नाही तो. भूक लागली की घर डोक्यावर घेईल, आणि ऐकायचं मी."

"येते, आई. तो उठायच्या आत येते."

तेवढीच एक काळजी होती तिला. पोर उपाशी उठायच्या आत परत यायचं.

वाटेत, बरोबर पळायला निघालेल्या शिवणवालीनं तिच्या छातीवर नंबराचा कागद टाचला. चार कोपऱ्यांना चार पिना. "नीट ऐक," ती म्हणाली. "बोलता येईल एवढंच पळ. शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. शब्द तुटायला लागले की सरळ चालायचं. आणि मागे वळून बघायचं नाही. नवखी बाई वळते आणि तोंडावर आपटते."

"आणि मी शेवटची राहिले तर?"

"राहशीलच की! त्यात काय लाजायचं? सगळ्यांच्या मागे शर्यतवाल्यांची एक बाई असते, नारिंगी बंडीतली. शेवटचीला ती एकटं सोडत नाही."

शिट्टी वाजली. बायकांचा घोळका हसत खिदळत सुटला. कालव्याच्या रस्त्याला लागेपर्यंत शिवणवाली दिसेनाशी झाली, मग बाकीच्याही. धुकं असं उतरलं होतं की पुढच्या बाईची पाठ विरघळावी तशी गेली. उरला कालव्याचा वास, आणि मोठ्या बुटांचा फटक फटक आवाज.

थोड्या वेळानं त्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. मागून. हलकी, ओलसर पावलं.

नारिंगी बंडीवाली असणार. तिला हायसं वाटलं.

"दमलीस?" मागून विचारलं.

"थोडी."

"मग बोलत राहा. घरी कोण असतं?"

ती बोलू लागली. सासूचं, नवऱ्याच्या टोमण्यांचं. इतकं सावकाश, इतकं मन लावून तिला कित्येक महिन्यांत कुणी काही विचारलं नव्हतं. घरात विचारायचे ते एवढंच, पोर प्यालं का, पोर निजलं का.

"पितो अजून?"

"पितो. वरचं घेतच नाही."

"कुठे निजतो?"

"खिडकीपाशी. पाळण्यात."

"आणि दार?"

"नुसतं लोटलेलं असतं. कडी मोडलीय. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण नवऱ्याला वेळ असेल तर ना."

मागची बाई हसली नाही. म्हणाली, "माझंही होतं एक. मला पोचायला उशीर झाला..."

आंबलेल्या दुधाचा वास आला. तिला वाटलं, आपल्याच पोलक्याचा असेल.

रस्ता चढाला लागला. वर धुक्यात शेवटची कमान अंधुक दिसत होती. तिनं पाय उचलले. दम तुटू लागला, तरी जीभ थांबेना. आतलं कडू कडू सगळं वर येत होतं.

"कधी कधी वाटतं... कुणीतरी घ्यावं त्याला... एक सकाळ तरी... माझ्या अंगावरून..."

पावलं अगदी पाठीशी आली.

"देतेस?"

शब्द तुटले होते. तेव्हाच चालायचं होतं. पण कमान समोर होती, आणि जन्मात काहीतरी पुरं केलं असं तिला एकदा म्हणायचं होतं. ती चालली नाही.

"हं," एवढंच तिच्या तोंडून निघालं. तो श्वास होता की होकार, तिचं तिलाही कळलं नाही.

पावलं तिच्या डावीकडून पुढे गेली. तिनं मान वळवली. नुसतं धुकं होतं. पावलं मात्र वाजत गेली, भराभर, घाई असल्यासारखी.

कमानीखाली माणसं खुर्च्या गोळा करत होती. एका खुर्चीवर नारिंगी बंडीतली बाई घोटा चोळत बसलेली.

"तुम्ही... आत्ता माझ्या मागे होतात ना?"

"मी? अगं, निघतानाच पाय मुरगळला माझा. तेव्हाच गाडीनं इथे आणून बसवलं मला. का गं? कोण होतं मागे?"

पदक घ्यायला ती थांबली नाही. घरापर्यंत मात्र ती खरी पळाली.

घरात रडण्याचा आवाज नव्हता. सासू शेंगा सोलत बसली होती.

"आता आणखी काय विसरलीस?"

"आणखी...?"

"आत्ता पाजून गेलीस ना त्याला? बोलावं तर तोंडातून शब्द नाही. ओल्या पायांनी सगळी फरशी घाण केलीस. म्हटलं, छातीवरचा तो कागद तरी काढ, पिन लागेल पोराला. ऐकलंस? लागलीच शेवटी."

पोर डाव्या कुशीवर निजलं होतं. ओठांच्या कोपऱ्यात दूध होतं. गालावर बारीकसा लाल ओरखडा. तिच्या कागदाच्या चारही पिना जागच्या जागी होत्या, बंद.

तिनं त्याला उचललं. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि परक्यानं घेतल्यासारखा टाहो फोडला. मग तिच्या खांद्यावरून दाराकडे हात पसरले.

"पळून पळून डोक्यावर परिणाम झाला हिच्या," नवरा म्हणाला.

त्या दिवसापासून पोरानं तिला तोंड लावलेलं नाही. वरचंही घेत नाही. तिचं दूध आटलं. पोराचं बाळसं मात्र वाढतंय. डॉक्टरीणबाई वजन करतात आणि म्हणतात, "छान! आईचं दूध चांगलं मानवतंय." नवऱ्यानं एकदाची नवी कडी बसवली. ती रात्री स्वतः लावते, दोनदा ओढून बघते. उजाडताना कडी आतून काढलेली असते.

तुमच्या ओळखीची कुणी लेकुरवाळी पहिल्यांदा पळायला निघाली असेल, तर तिला एवढं सांगा. बोलता येईल एवढंच पळ, हे खरं. पण मागून कुणी विचारलं, तर लेकराचं काही सांगू नकोस. आणि दम तुटला तर थांब. तोंड मिटून थांब. ऐकेल तिनं पुढच्या बाईला सांगावं.