पंच बदला!

जिन्यातच जाळीची शिवण उसवली आणि सगळे बास्केटबॉल धडाधड खाली निघाले. कॉलेजच्या मुलींच्या संघाची ती प्रशिक्षक, पण तिला एकही चेंडू आवरेना. खालून येणाऱ्या एका उंच माणसाने दोन चेंडू काखेत दाबले, एक पायाने अडवला.

"प्रशिक्षक तुम्ही... की चेंडूवाल्या?"

"आणि तुम्ही? आयते झेल घ्यायला आलात?"

तो असा काही हसला, की पुढे कितीतरी संध्याकाळी सराव आटोपून तिने त्याच्याबरोबर चहा घेतला. तो बँकेत कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचा. तिच्या सामन्याला मात्र कधीच नाही. मनातलं दोघांनीही ओठांवर आणलं नव्हतं.

आज अंतिम सामना होता. करंडक नाही तर पुढच्या वर्षी नोकरी नाही, असं प्राचार्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. त्यात ठरलेले पंच आजारी पडले आणि त्यांच्या जागी गळ्यात शिट्टी अडकवून आला — तो!

"घाबरू नका," तो हळूच म्हणाला. "शिट्टी गळ्यात असली की मी कुणाचाच नसतो."

"तुमचं ठीक आहे हो! पण आम्ही जिंकलो तर लोक मुलींच्या मेहनतीवर बोट ठेवतील."

"का ठेवतील? आपलं असं... काय आहे?"

ती तडक संयोजकांच्या टेबलाशी गेली. "पंच बदला."

"कारण सांगा, मॅडम. यांनी कधी पक्षपात केलाय?" संयोजकांनी चष्मा वर सरकवला. शेजारी प्राचार्य बसले होते. मागे तिच्या मुली कान टवकारून उभ्या होत्या.

"नाही. त्यांच्यात काही खोट नाही... माझं — माझं प्रेम आहे यांच्यावर."

"ताई, आम्हाला कधीचंच माहीत होतं!" कर्णधार मुलगी पुटपुटली.

तो कानापर्यंत लाल झाला. शिट्टी टेबलावर ठेवून गॅलरीत जाऊन बसला.

नवे पंच महाखडूस निघाले. त्यांनी तिच्या मुलींना जराही सूट दिली नाही. शेवटच्या क्षणी तिचा संघ एका गुणाने मागे होता, तेवढ्यात बास्केटखाली कर्णधाराला धक्का बसला आणि शिट्टी वाजली. फाउल! दोन फ्री थ्रो!

"पंच यांचाच—" समोरच्या संघाचे प्रशिक्षक ताडकन उठले. मग त्यांची नजर गॅलरीत नखं कुरतडणाऱ्या त्या माणसाकडे गेली आणि ते गुपचूप खाली बसले.

पहिला चेंडू आत गेला. दुसरा कड्यावर फिरत राहिला... फिरत राहिला... आणि आत पडला!

"पुढच्या वर्षीचं सरावाचं वेळापत्रक उद्या द्या," प्राचार्य तिला एवढंच म्हणाले. तिला रडू आवरेना.

गर्दी पांगल्यावर तो खाली आला. "आता तुमच्या संघाचा एकही सामना मला कधी मिळायचा नाही."

"वाईट वाटतंय?"

"छे! प्रत्येक सामन्याला घसा फाटेपर्यंत ओरडायला मोकळा झालो... तुमच्या बाजूने."

तिने डोळे पुसले आणि चेंडूंची जाळी त्याच्यापुढे धरली.

"एक टोक तुम्ही धरा. शिवण अजून कच्ची आहे."